राजूर घाटातली वरात

शेजारच्या हिंमतरावांच्या मते धम्मशीलाचं डोकं फिरलं होतं. "अवं, लोकं सायकल इकून मोटरसायकल घेऊन राह्यले, अन् तू पुण्या-नाशकाच्या लोकाईले सायकलीवर बसवून आपले खेडे दाखवतं म्हन्तं! काय हाय आपल्या खेड्यात पाह्याले?" असं ते येता-जाता म्हणायचे. पण सामान वाहायला टेम्पो लागणार म्हटल्यावर टेम्पो त्यांनीच दिला आणि चालवायलाही स्वतःच आले. पोरगी एकटीच फजित होण्यापेक्षा आपण सोबत असलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

धम्मशीला मोताळा तालुक्यातली. शाळेत जाणाऱ्या मुलींना मिळायची तशी सायकल तिलाही मिळाली होती, आणि त्या सायकलीवरून ती जी उतरली नाही ती नाहीच. शिक्षण झाल्यावर काही वर्षं तिनं पुण्यात सायकल सहली नेणाऱ्यांकडे काम केलं. लोकांना कोकणात नेलं, साताऱ्याकडे नेलं. दर वेळी वाटायचं, आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? सातपुडा आहे, पूर्णेचं खोरं आहे, गढ्या आहेत, बारवा आहेत, लोणारचं सरोवर आहे. शेवटी नोकरी सोडून ती गावी परत आली आणि तिनं स्वतःची सहल आखली. शेगावहून निघायचं, संग्रामपूरकडची पायथ्याची गावं पाहायची, पूर्णा ओलांडून मोताळ्याला यायचं, राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचं आणि चिखली, मेहकर करत लोणारला थांबायचं.

पहिल्या सहलीला चार जण आले. पुण्याचे शरच्चंद्र, बँकेतून निवृत्त झालेले. ठाण्याचं तरुण जोडपं, शौनक आणि स्वरदा. आणि नाशिकच्या नीरजाताई, प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, ज्या पन्नाशीत सायकल शिकल्या होत्या. नीरजाताईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "सपाटीवर मी कुठेही येईन. घाट मात्र मला जमणार नाही. घाटात मी टेम्पोत बसणार." धम्मशीलानं ते कबूल केलं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. पळस पेटले होते, गहू पिवळा पडत होता. शेतांच्या धुऱ्यांवर, बांधाबांधावर, लोक हरभरा भाजत बसलेले असायचे आणि सायकली दिसल्या की ओरडायचे, "या हो, हुळा खाऊन जा!" पाहुणे उतरायचे, काळ्या हातांनी घाटे सोलायचे. एका गावात पडक्या गढीच्या बुरुजावर बसून त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुसऱ्या गावात धम्मशीला त्यांना दगडी बारवेत घेऊन उतरली. हे तिच्या आजीचं माहेर. खाली पाण्याशी पोहोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्या पणजीला या पायऱ्यांवर पाय ठेवू देत नव्हते. ती वर उभी राहायची, कुणी घागर भरून देईल याची वाट बघत." मग नीरजाताई वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि ते धम्मशीलाच्या हातावर ओतलं.

घाटाच्या दिवशी सकाळी मोताळा सोडलं तेव्हा सगळं ठरल्याप्रमाणे होतं. राजूर मागे पडलं, रस्ता चढू लागला आणि पहिलं वळण यायच्या आतच गाड्यांची रांग लागली. एसटी, जीप, ट्रक, मोटरसायकली, सगळं जागच्या जागी उभं. हिंमतरावांनी टेम्पो रांगेच्या शेवटी लावला. धम्मशीला सायकल काढून पुढे पाहून आली. वळणावर सिमेंटचे पाइप नेणारा लांबलचक ट्रक पलटून आडवा झाला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता पार बंद. डोंगराच्या बाजूला, नाली आणि ट्रक यांच्यामध्ये, माणूस अंग चोरून जाईल एवढी फट होती. सायकल खांद्यावर घेऊन तिथून जाता आलं असतं. मोटरसायकल उचलायची तर चार माणसं उभी राहायलाही जागा नव्हती. वरून पोलिसांनी वाहतूक अडवली होती, म्हणून पलीकडचा रस्ता मोकळा पडला होता. क्रेन कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

परत येताना तिला फुलांनी सजवलेली एक गाडी दिसली. गाडीबाहेर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नवरदेव मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता. शेजारी त्याची आई डोळ्यांना पदर लावून उभी.

"काय झालं मावशी?" धम्मशीलानं विचारलं.

बाई म्हणजे जनकाबाई. त्यांचा मुलगा देवानंद जामोदला पोस्टात कामाला. बुलढाण्यात दुपारी त्याचं लग्न होतं. मघाशी क्षणभर रेंज आली तेव्हा मुलीकडून फोन आला होता. तिकडे बातमी पसरली होती की घाटात नवरदेवाची गाडी पलटली. देवानंद काही सांगणार, तेवढ्यात फोन कटला आणि मग लागलाच नाही.

"महामाया रडून राह्यली असन," देवानंद म्हणाला. महामाया ही नवरी. "तिच्या बापाले बीपी हाय. पोलीस त्याईले खाली येऊ देऊन नाई राह्यले. म्या पायी निघतो आता."

"पायी पोचायले लय टाइम लागन," धम्मशीला म्हणाली. तिला टेम्पोवर बांधलेली जादा सायकल आठवली होती. ती सायकल पाहुण्यांसाठी होती. एखाद्याची मोडली तर पुढची सगळी वाट त्या एका सायकलीवर अवलंबून. पण तिनं फार वेळ घेतला नाही. "सायकल चालवता येते का भाऊ?"

देवानंदनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "शाळेत चालवत होतो. आता गाडी हाय नं."

"जाय बाबा!" जनकाबाईंनी पदर खाली सोडला. "शाळेत रोज तर जाये सायकलीनं! जाय, पोरीच्या मायले सांग, आमी समदे खुशाल हावो. लगन मी आल्यावर लावजा, पन पयले तोंड दाखव तिले."

हिंमतराव सायकल सोडवता सोडवता पुटपुटले, "नवरदेव अन् सायकलीवर! चढन काय हा?" पण त्यांनीच सीट खाली घेतली, चाकात हवा भरली आणि नवरदेवाच्या पायजम्याला सुतळी बांधून दिली, साखळीत अडकू नये म्हणून.

धम्मशीलानं पाहुण्यांना जमवलं. "मी या भाऊंना घेऊन वर जाते. तुम्ही आलात तर सोबत जाऊ. नीरजाताई, तुम्ही हिंमतकाकांबरोबर टेम्पोत थांबा. रस्ता सुटला की या. त्यात काहीही कमीपणा नाही."

नीरजाताईंनी रांगेकडे पाहिलं, मग डोक्यावर हेल्मेट घालणाऱ्या त्या घाबऱ्या नवरदेवाकडे. "आणि रस्ता संध्याकाळी सुटला तर? इथे बसून काय माशा मारू? मी येते. नाही जमलं तर चालत येईन."

सायकली खांद्यावर घेऊन एकेक जण त्या फटीतून गेला. रांगेतली माणसं खाली उतरून बघत होती. देवानंद अडखळला तेव्हा एसटीच्या ड्रायव्हरनं त्याची सायकल मागून उचलून धरली. "जा नवरदेव, आमी सारे लग्नाले येतो!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग हसली.

पलीकडे मोकळा घाट होता. एकही गाडी नाही, हॉर्न नाही. सागाची वाळलेली पानं रस्त्यावर सरकत होती. धम्मशीलानं देवानंदला गिअर समजावले, "हा खटका दाबला का पाय हलका होते. लाजू नका, हलक्यावरच ठेवा." पण त्याला घाई. पहिल्या चढावर तो उभा राहून जोर काढू लागला, शौनकच्याही पुढे गेला, आणि दुसऱ्या वळणावर खाली उतरून दम खात उभा राहिला. पांढरा सदरा पाठीला चिकटला होता.

"नाई होत ताई. छाती फुटून राह्यली."

धम्मशीलाला आत कुठेतरी भीती वाटली. माणसाला बळ देता येतं, पण त्याच्या पायांनी पायडल मारता येत नाही. ती काही बोलणार, एवढ्यात मागून सावकाश, अगदी सावकाश, नीरजाताई आल्या. त्या थांबल्या नाहीत. पुटपुटत होत्या, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस…"

"हे काय ताई?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"पाढे. एका आकड्याला एक पायडल. चढ किती उरलाय याचा विचारच येत नाही." मग मान न वळवता त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली, "नवरदेव! माझ्या मागे या. माझ्या पुढे जायचं नाही. आणि पाढा मोठ्यानं म्हणायचा!"

देवानंद निमूटपणे सायकलीवर बसला. "एकोणीस त्रिक सत्तावन…"

"सत्तावन्न. नीट म्हणा."

मग सगळेच म्हणू लागले. एकोणीसचा झाला, तेविसाचा झाला. एकोणतीसच्या पाढ्याला शरच्चंद्र सोडून सगळे अडले आणि हसण्यात एक अख्खं वळण कधी मागे पडलं ते कळलंही नाही. खाली दरीत मोताळ्याकडची शेतं दिसू लागली, त्यापलीकडे धुरकट सातपुडा. धम्मशीला सगळ्यांच्या मागे होती. पुढे पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव आणि त्याच्याही पुढे, वाट दाखवणाऱ्या नीरजाताई. घाट जमणार नाही म्हणणारी बाई घाटात सगळ्यांच्या पुढे! धम्मशीलाचे डोळे भरून आले. तिनं घाम पुसण्याचं निमित्त केलं.

देवीच्या देवळापाशी ते पाणी प्यायले. शेवटचा चढ सगळ्यात वाईट होता. तिथे नीरजाताईंची सायकल डगमगली, हँडल वळलं, पाय टेकणार असं वाटलं.

"ताई, उतरा, काही हरकत नाही!" धम्मशीला म्हणाली.

"गप्प बस गं!" नीरजाताई म्हणाल्या. आता पाढे म्हणायलाही श्वास उरला नव्हता. देवानंदनं बाजूला येऊन मोठ्यानं सुरुवात केली, "एकतीस एके एकतीस!" त्याचाही आवाज फाटत होता, पण त्यानं सोडलं नाही. दोघं शेजारी शेजारी त्या चढावरून वर आले. आणि मग चढ नव्हताच. समोर सपाट रस्ता, गार वारा आणि पोलिसांनी लावलेले अडथळे.

नीरजाताई सायकलीवरून उतरल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि दरीकडे तोंड करून ओरडल्या. शब्द नव्हता काही, नुसता आवाज. पोलीस दचकला. स्वरदानं धावत जाऊन त्यांना मिठी मारली.

पोलिसानं नवरदेवाला खालून वर न्याहाळलं. "तुम्हीच का ते? इथं चारदा येऊन गेले मुलीकडचे, खाली सोडा म्हणून!" त्यानं अडथळा बाजूला केला.

लग्नाचा हॉल गावाच्या तोंडाशीच होता. बाहेर गर्दी होती, पण बँड गप्प. आतून रडण्याचा आवाज येत होता. सायकली फाटकातून आत शिरल्या आणि कुणाला काही कळेना. मग एका बाईनं किंचाळून म्हटलं, "नवरदेव आला! सायकलीवर आला!" महामाया पांढऱ्या साडीत धावत बाहेर आली आणि पायऱ्यांवरच थबकली. देवानंदचा सदरा मळला होता, पायाला सुतळी बांधलेली, डोक्यावर हेल्मेट.

"काई झालं नाई," तो धापा टाकत म्हणाला. "गाडी दुसऱ्याची पलटली. माय मागून येऊन राह्यली." आणि ती रडता रडता हसू लागली. बँडवाल्यांना कुणी सांगावंच लागलं नाही.

महामायेचे वडील उत्तमराव एकेका सायकलवाल्याचा हात दोन्ही हातांत धरत होते. लग्न लावणाऱ्या भन्तेजींना दुसरीकडेही जायचं होतं. ते म्हणाले, "मी तिकडचं आटपून येतो. आईशिवाय लावायचं नाही." दुपारी क्रेननं ट्रक हलवला आणि जनकाबाई आल्या. त्यांच्या गाडीमागे हिंमतरावांचा टेम्पो. त्यामागे ती एसटीसुद्धा; कबूल केल्याप्रमाणे तिचे प्रवासी दहा मिनिटं उतरले आणि नवरा-नवरीवर अक्षतांऐवजी फुलं टाकून गेले. हिंमतराव हॉलभर फिरून ओळख नसलेल्यांनाही सांगत होते, "आमची धम्मशीला. सायकल बी आमच्याच टेम्पोतली."

भन्तेजी परतले, बुद्धवंदना झाली, हार घातले गेले. मग उत्तमरावांनी माइक धम्मशीलाच्या हातात दिला. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. तिनं पाहुण्यांची नावं घेतली, नीरजाताईंचं नाव घेतल्यावर टाळ्या थांबेनात. मग तिला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मनात होतं तेच ती बोलली. "आमी उद्या सकाळी चिखलीकडे निघतो. ज्याईले आपला जिल्हा पाह्याचा हाय, त्याईनं सायकल घेऊन यावं."

लोक हसले. तिलाही वाटलं, गमतीत घेतलं असेल.

सकाळी लॉजचं दार उघडून ती बाहेर आली तर समोरचा रस्ता सायकलींनी भरला होता. शाळेच्या सायकली घेतलेल्या मुली होत्या, दूधवाले होते, दोन निवृत्त मास्तर होते. जुनी काळी सायकल धुऊनपुसून आणलेले एक आजोबा होते. सगळ्यात पुढे देवानंद, आणि मागच्या कॅरिअरवर महामाया, हातावरची मेंदी अजून ताजी, लाल.

"ताई, चिखलीच्या रस्त्यापर्यंत येतो," तो म्हणाला. "चालन ना?"

धम्मशीलानं मान हलवली, सायकलीवर टांग टाकली आणि घंटी वाजवली. मागोमाग साऱ्या घंट्या वाजल्या. गावाबाहेर गव्हाच्या शेतांवर ऊन पडलं होतं, रस्ता लांब आणि सरळ होता, आणि तिनं वळून पाहिलं तेव्हा सायकलींच्या रांगेचं शेवटचं टोक तिला दिसलंच नाही.