फुगडीतल्या दोघी

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरच्या डोळ्याने मी बघतो आणि खालच्या डोळ्याने टिपतो. मी रतिलाल नानांचा जुना कॅमेरा. सध्या जळगावात, पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी कपाटावर बसून असतो. माझ्या पोटात भरायचा रोल आता सहजी मिळत नाही आणि नानांचे हातही थरथरतात. त्यामुळे आम्ही दोघे नुसतेच बघतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी भिंगे घासली गेली आणि अंगावर काळे कातडे चढले. मग धुळ्याच्या एका दुकानात मी बरेच दिवस काचेआड पडून होतो. तिथून तरुण रतिलालने मला पिंपळनेरला नेले आणि बाजारपेठेत फोटो स्टुडिओ टाकला. फोटो काढताना मला पोटाशी धरून, मान खाली घालून माझ्या माथ्यावरच्या काचेत बघावे लागते. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटे, हा भला माणूस आपल्याला नमस्कार करतो आहे. तीही हात जोडत, आणि फोटो तसाच निघे.

लग्न, बारसे, शाळेचा वर्ग, दारात आलेला नवा ट्रॅक्टर, सगळीकडे मी गेलो. दसऱ्याला माझीही पूजा होई आणि गळ्यात झेंडूचे फूल अडके. माझ्या एका रोलवर बारा फोटो बसत, आणि रोल संपल्याशिवाय तो धुता येत नसे. मग परतीच्या वाटेवर एखादा फोटो उरला असला, की नाना सायकलवरून उतरत आणि समोर जे असेल ते टिपत. कडुलिंबाखाली दाढी करून घेणारा माणूस, कापूस वेचून परतणाऱ्या बाया, हाळावर पाणी पिणारा बैल. लोक चिडवत, नाना, हा बैल फोटो न्यायला स्टुडिओत येणार का? नाना हसून सांगत, "लग्नात माणसं फोटोसाठी उभी राहतात. रस्त्यावर ती नुसती असतात. मला ती तशीच आवडतात."

पुढे रंगीत फोटो आले, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. स्टुडिओ बंद झाला आणि नाना मुलाकडे पिंप्राळ्याला आले. मी कपाटावर गेलो. माझ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत भरून पलंगाखाली गेल्या. मला कोणी वाईट वागवले नाही, मित्रांनो. फक्त विसरले.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी दारात रिक्षा थांबली. पिंपळनेरजवळच्या एका गावच्या बेबाबाई आणि त्यांची नात मयुरी आत आल्या. मयुरी जळगावात शिकते आणि मेहरूणला राहते. पिंपळनेरमध्ये चार ठिकाणी विचारून तिने नानांचा पत्ता मिळवला होता.

बेबाबाईंच्या लग्नाचा फोटो नानांनीच काढला होता, पण त्यात त्यांचा पदर थेट हनुवटीपर्यंत होता. सासूने स्वतःच्या हाताने तो खाली ओढला होता. नंतरच्या फोटोंतही तेच. घरातला एक नातू तर म्हणे, या पदराखाली कोणीही बसवली असेल, आजीच कशावरून? सगळे हसत, त्याही हसत. पण बेबाबाईंचे यजमान मयुरीला लहानपणापासून सांगत, तू हुबेहूब तुझ्या आजीसारखी दिसतेस. त्या वर्षी ते गेले. बेबाबाईंचा तरुणपणीचा चेहरा आठवणारे घरात कोणी उरले नाही. म्हणून पदराविना एखादा फोटो नानांकडे सापडतो का, ते बघायला दोघी आल्या होत्या.

"माले बी याद नही भाऊ, मी कशी दिखू," त्या नानांना म्हणाल्या.

नानांनाही आठवत नव्हते. त्यांनी गावाचे नाव विचारले आणि पलंगाखालचा एक डबा ओढला. लग्नाची निगेटिव्ह लगेच सापडली. त्यात पदरच होता.  बेबाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, निघायची तयारी केल्यासारखी.

मयुरी मात्र उठली नाही. डब्यातली एकेक निगेटिव्ह ती खिडकीच्या उजेडात धरत राहिली आणि एका ठिकाणी थांबली. बेबाबाईंच्याच गावी श्रावणात नाना एका घरी बसवलेली कानबाई देवी टिपायला गेले होते. विसर्जनाला बाया नदीवर निघाल्या होत्या आणि वाटेत फुगड्या चालल्या होत्या. रोलवर एकच फोटो उरला होता, तो नानांनी तिथे खर्च केला. फुगडीत दोन्ही हात गुंतलेले असतात, मित्रांनो. डोक्यावरून पदर घसरला, तरी सावरणार कशाने?

निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते. बेबाबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "आते बी तशीच शे मी. बठ्ठा केस पांढरा."

तेवढ्यात नानांचा नातू ललित कामावरून आला. त्याने एका मोबाइलच्या उजळ पडद्यावर निगेटिव्ह ठेवली, दुसऱ्या मोबाइलने तिचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले. केस काळे झाले. चेहरा उजळला. मान मागे टाकून, डोळे मिटून हसणारी एक मुलगी समोर आली. मयुरीने नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

"हे तर माझंच तोंड आहे, आजी."

ललितने चेहरा मोठा केला आणि कडेचे सगळे छाटून टाकले. दुसऱ्या बाईची हललेली, पुसट आकृती गेली. आता छान फ्रेम होईल, तो म्हणाला. बेबाबाई कितीतरी वेळ त्या मुलीकडे बघत बसल्या. मग त्यांनी विचारले, फुगडीत समोर कोण होतं?

ललितने पूर्ण फोटो परत आणला. समोरच्या बाईचा चेहरा हलला होता, पण ती तोंड भरून हसत होती. तिच्या मनगटावरचे गोंदण स्पष्ट आले होते. बेबाबाईंनी त्या गोंदणावर बोट ठेवले.

"हाई मनी सासू शे." त्यांचे बोट सासूच्या हसऱ्या तोंडावर सरकले. "बठ्ठी जिंदगी पोरेस्ले सांगत उनू, सासू कधी मनासंगे हासनी नही. आन् हाई देख."

 सुनेचा पदर घसरलेला सासूला समोरच दिसत होता. तरी तिने हात सोडले नव्हते.

ललितने हळूच विचारले, मग फक्त तुमचा चेहरा ठेवू ना?

"कापू नको, भाऊ. तिनाबिगर फुगडी कशी व्हई?"

आठवड्याने फोटो कागदावर छापून आला, दोघींसकट. तो न्यायला आलेल्या आजी-नातीला नानांनी मागे नावे लिहायला सांगितले. सासूचे नाव मयुरीला माहीत नव्हते. घरात सगळे त्यांना नुसते 'म्हातारी' म्हणत, आणि सुनेने सासूचे नाव घ्यायची रीत नव्हती. बेबाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग नव्या नवरीसारख्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "कमलबाई."

मित्रांनो, मी पुष्कळ माणसे टिपली, पण नाव मला एकाचेही टिपता आले नाही. ते काम तुमचे आहे. घरातले जुने फोटो काढा, मऊ फडक्याने पुसा आणि आजी-आजोबांजवळ जाऊन बसा. कोपऱ्यातल्या पुसट माणसावर बोट ठेवून विचारा, हे कोण? सांगणारे माणूस समोर आहे, तोवर विचारा.

मयुरीने तसेच केले. फोटोमागे तिने आधी कमलबाई लिहिले, मग बेबाबाई.