थंडीतला घाम

डॉक्टरांनी रागिणीच्या दंडाचा पट्टा सोडला आणि पुन्हा आवळला. दुसऱ्यांदाही आकडा दोनशेच्या वरच गेला. बुधाजी मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसला होता. अकोल्याहून पहाटेच्या एसटीनं बापलेक अमरावतीला आले होते.

"मूत्रपिंडाच्या वर एक लहान ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "तिथं गाठ झाली आहे. ती रक्तात नको तेवढं हार्मोन सोडते. मग बीपी चढतं, छाती धडधडते, घाम सुटतो. जनुकातच दोष आहे. मागच्या खेपेला तपासलेल्या तुमच्या रक्तात तो नाही, म्हणजे आईकडून आला असणार. त्यांना असं काही होत होतं का?"

बुधाजीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मेंदूतली शीर फुटून त्याची बायको सुभद्रा गेली, त्याला चार महिने झाले होते. झेंडू तोडायला वाकली की ती पांढरीफटक पडायची, पदर घामानं ओला व्हायचा. ऊन लागलं म्हणून तो तिला तांब्याभर पाण्यात मीठ घालून पाजायचा. पूस महिन्याच्या थंडीतही तसंच झालं, तेव्हा तो मजूर बायांदेखत म्हणाला होता,

"काम दिसलं का हिले घाम फुटते. नाटकवाली हाय!"

बाया हसल्या. सुभद्राही हसली आणि पुन्हा वाकली.

"शेवटी शेवटी होत होतं, साहेब," बुधाजी म्हणाला. "आठ-पंधरा दिवस. मंग एकदमच गेली."

"अकरा वर्षं होत होतं," रागिणी म्हणाली.

"तुले काय समजत होतं तवा? ल्हान होती तू."

"तांब्या मीच नेऊन देत होती, बाबा. मीठ तुमी टाकत होते."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. ते म्हणाले, गाठ वेळेत सापडली आहे, आधी औषधानं बीपी उतरवू आणि मग ती काढू. आईला भाऊ-बहिणी असतील तर त्यांनाही तपासून घ्या. मग त्यांनी ऑपरेशनचा कागद आणि पेन बुधाजीपुढं सरकवलं.

"इथं नातेवाइकाची सही."

बुधाजीनं पेन उघडलं. रागिणीनं कागद त्याच्या हाताखालून हळूच ओढून घेतला.

"मामा इथंच जुन्या शहरात राह्यते, डॉक्टर. तपासाले येईनच तो. सही त्याचीच घ्या."

बुधाजीनं पेनाला टोपण लावलं. ते आता कोणाच्या हातात द्यावं, हे त्याला कळेना.