तटआळी बुजवली तेव्हा

तटआळीतली घरं मातीनं बुजवायचा हुकूम ऐन दुपारी निघाला, आणि तो सांगायला दारात आला मारीनस. दुसरा कुणी आला असता तर मेकन्नाचं डोकं एवढं फिरलं नसतं. मारीनस शंभर शिपायांचा नायक खरा, पण अकरा वर्षं तिच्याच माडीवर राहिलेला. पलटण गावात आली की शिपाई लोकांच्या घरांत घुसवायचे, ही रोमची रीतच. घरमालकाला विचारतो कोण? पण हा तापानं फणफणला तेव्हा मेकन्नानंच त्याला जवाची पेज पाजली होती. तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणायचा.

आज म्हणाला, "बाई, सामान काढा."

"बाई? अकरा वर्षांत आज बाई झाले होय मी?"

त्यानं नजर खाली घातली. "इराणची फौज तीन मुक्कामांवर आलीय. तट आतून भक्कम केला नाही तर पहिल्याच धडकेत आडवा होईल. तटाला लागून आहे ते सगळं मातीनं भरायचं."

"मग तुमचा हमाम भरा की! तो बरा सुटला?"

"हमाम नदीकडं आहे. शत्रू फुरात नदी ओलांडून येत नाहीये, वाळवंटाकडून येतोय."

"वा! शत्रूसुद्धा तुमच्या सोयीनं येतो म्हणायचा."

घर गेलं तर गेलं. मेकन्नाचा जीव अडकला होता तो ओटीच्या भिंतीत. तिथं तिच्या नवऱ्यानं, कोनोननं, रंगाऱ्याकडून अख्ख्या कुटुंबाचं चित्र काढून घेतलं होतं: धूप घालणारा कोनोन, शेजारी ती, आणि मध्ये सात वर्षांची अम्मिया, हातात डाळिंब. कडेला खजुराचं ताट धरून मारीनसही होता, कारण कोनोन म्हणाला होता, हा घरचाच. पुढं दोन वर्षांत अम्मिया तापानं गेली, तिच्यामागं कोनोन. लेकीचा चेहरा आता तेवढ्या भिंतीवरच उरला होता.

"चार दिवस द्या," मेकन्ना म्हणाली. "गवंडी बोलावून तेवढा गिलावा अख्खा सोडवून घेते. माझी पोर घेते, मग घाला काय माती घालायची ती."

मारीनसनं तिच्याच टोपलीतली भाकरी मोडली आणि त्या भाकरीवर हात ठेवून शब्द दिला. चार दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी छपराच्या तुळया कडाकड निघायला लागल्या. गवंडी भिंतीच्या दोन बाजू जेमतेम कोरून झाला होता. शिपायांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. आणि माती तरी कसली! गावाबाहेरचा उकिरडा उचलून आणला होता मेल्यांनी. राख, शेण, फुटकी मडकी.

"भावजी!" मेकन्ना अंगणातून किंचाळली. "माझी भाकरी पचली ना नीट?"

"हुकूम बदलला," मारीनस म्हणाला. "माझ्या हातात नाही."

"जीभ तर तुमची होती ना!"

तेवढ्यात शेजारची टिमोनासा मावशी आली. मेकन्नाच्याच छपराच्या तुळईतून निघालेला लांब खिळा तिच्या हातात होता. आळीतल्या घराघरांतून खरवडल्याचा आवाज येत होता. तिथली रीतच होती: चित्र मातीखाली जाणार असेल तर आधी त्याचे डोळे खरवडायचे, म्हणजे त्याला अंधार बघावा लागत नाही.

"नाही जमायचं मला," मेकन्ना म्हणाली. दोन दिवस ती हेच म्हणत होती. गिलावा निघणारच होता, मग कशाला?

"अगं, उघड्या डोळ्यांनी पोरीला उकिरड्यात ठेवतेस?" मावशी रडवेली होऊन म्हणाली. "आटप."

मेकन्नानं खिळा घेतला. आधी कोनोनचे डोळे खरवडले, मग स्वतःचे. अम्मियापाशी आल्यावर तिनं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. "झालं हं बाळा, झालं," असं पुटपुटत तिनं हलक्या हातानं ते काम केलं. पोरीच्या गालावर पांढरी भुकटी सांडली. ती तिनं पदरानं पुसली आणि वळली.

मारीनस दारातच उभा होता. मागं टोपल्या घेऊन शिपाई खोळंबले होते. तो भिंतीकडं बघत होता, कडेला, खजुराच्या ताटापाशी.

"वहिनी," तो म्हणाला, "माझे राहिले."

"राहिले नाहीत. ठेवलेत."

"वहिनी, असं नका करू. आमच्यातसुद्धा हे वाईट धरतात. खिळा द्या, मी करतो."

"खिळा माझ्या घरचा आहे," मेकन्ना म्हणाली आणि तो कमरेला खोचला. "तुम्ही हुकूम द्या. टोपल्या थांबल्यात."

ती त्याच्या अंगावरून बाहेर गेली. आत पहिली टोपली रिकामी झाल्याचा आवाज आला, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.