पाणी थांबलं होतं

"मॅडम, पाणी यायचं थांबलंय. माल झालाय," ऑपरेटर काका म्हणाले.

फॅटी अ‍ॅसिड अल्कोहोलबरोबर उकळलं की एस्टर बनतं आणि पाणी सुटतं. ते थांबलं की काम संपलं, हे काका वीस वर्षं बघत आले होते. मी कालची आलेली केमिस्ट. माझ्या तपासणीत अ‍ॅसिड अजून शिल्लक दिसत होतं.

"इथे अंदाजपंचे कारभार चालणार नाही," मी सगळ्यांसमोर सुनावलं. "अजून चार तास तापवा."

चार तासांनी माल डांबरासारखा काळा झाला, आणि तपासणीतला अ‍ॅसिडचा आकडा जागचा हलला नव्हता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. क्रिया लवकर व्हावी म्हणून आम्हीच टाकलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिडही त्या आकड्यात धरलं जातं, आणि ते मी वजाच केलं नव्हतं.

साहेबांनी जाब विचारला. काका म्हणाले, "तापवायची वाफ माझ्याकडून जास्त सुटली." मी शेजारीच मिठाची गुळणी धरून उभी होते.

आज नवी बॅच आहे. नळीतून पाणी यायचं थांबलेलं मला दिसतंय. काका तिकडे बघतसुद्धा नाहीत.

"मॅडम," ते विचारतात, "अजून किती वेळ तापवू?"