टाळ्या कातरलेली कॅसेट

चंद्रकांत बोरसे बँकेत कारकून होता, वागायला सरळ होता, आणि सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत राहून 'हॅमरगेट' नावाच्या विलायती बँडच्या पायी पार खुळावला होता. दुकानात मिळणाऱ्या तबकड्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला हव्या असत त्या कार्यक्रमाला गेलेल्या लोकांनी कोटाखाली रेकॉर्डर लपवून केलेल्या कॅसेट. एकच गाणं मँचेस्टरला कसं वाजलं आणि चार दिवसांनी ग्लासगोला कसं, गिटारवाला कुठे घसरला, ढोलवाल्यानं कुठे लांबण लावली, हे सगळं तो वहीत टिपून ठेवी. बँकेतल्या लोकांना वाटे, पोरगा बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं एका खातेदाराच्या पुतण्यानं. सुरतेत दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी विलायतेत असतंच. हा पुतण्या लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात होता. १९७४ साली लग्नाला आला, आणि जाताना एक कॅसेट आणि कारखान्यातल्या एका मित्राचा पत्ता देऊन गेला. मित्राचं नाव रॉय. रॉय बायकोला घेऊन प्रत्येक कार्यक्रमाला जाई, रेकॉर्ड करी आणि नक्कल चंद्रकांतला धाडी. बदल्यात चंद्रकांत सुरतेचं कापड पाठवी. एकदा त्यानं चांगली जरीकाठी साडी पाठवली, तर रॉयच्या बायकोनं, मॉरीननं, तिचे पडदे शिवले आणि वर आभाराचं पत्रही लिहिलं!

घरात चंद्रकांत आणि त्याची आई, दोघंच. सरलाबाई धुळ्याकडून नवऱ्यामागं सुरतेला आल्या, नवरा लवकर गेला, आणि वीस वर्षं त्यांनी यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरून पोराला शिकवलं. आता पाय चालत नव्हते, म्हणून घरी बसून साड्यांचे सुटे धागे कातरायचं काम घेत. मांडीवर साडी, हातात छोटी कात्री, आणि शेजारी मुलाच्या कॅसेटचा धडधडाट. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. चंद्रकांतला वाटे, बिचारीला मागांच्या खडखडाटाची सवय, तिला हे काय नि ते काय.

चंद्रकांतची चूक झाली ती या कात्रीपायीच. कोऱ्या कॅसेट मिळणं मुश्कील. दमणहून कुणी आणल्या तर आणल्या. रॉयनं लेस्टरचा एक कार्यक्रम दोन कॅसेटींवर पाठवला होता. चंद्रकांतनं पाहिलं की गाण्यागाण्यांच्या मध्ये नुसत्या टाळ्या, शिट्ट्या, खोकला आणि बाजूच्या लोकांची बडबड. म्हणजे साडीचे सुटे धागेच की! रोज आईला हे धागे कातरताना पाहिलेलं. त्यानं दोन मशीन तारेनं जोडली आणि गाणं संपलं की बटण दाबून मधला गलका गाळत, सगळा कार्यक्रम एका कॅसेटवर बसवला. रॉयच्या दोन्ही कॅसेट पुसून त्यांवर बंगलोरच्या एका मित्राकडची गाणी भरली. काम इतकं सफाईदार झालं की त्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१९७७ च्या मार्चमध्ये रॉयचं पत्र आलं. नेहमी चार पानं लिहिणाऱ्या माणसानं या वेळी अर्धंच लिहिलं होतं. मॉरीन जानेवारीत वारली होती. रॉयच्या मशीननं लेस्टरची मूळ टेप चावून टाकली होती. तिसऱ्या गाण्यानंतर मॉरीन त्याला काहीतरी बोलली होती, कोट काढ म्हणून, आणि मग हसली होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तुझ्याकडची नक्कल सांभाळून ठेवली असशील, तेवढा तुकडा पाठव.

चंद्रकांतनं कॅसेट लावली. तिसरं गाणं संपलं, बारीक खट् झालं, आणि चौथं सुरू झालं. त्यानं पुन्हा लावली. जे आपल्या हातानं कातरलं ते कुठून येणार? त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो जेवला नाही.

मग त्यानं एक पत्र लिहिलं. आमच्याकडे दमट हवा, कॅसेटला बुरशी आली, फार वाईट वाटतं. वाचून पाहिलं तर अगदी खरं वाटत होतं, म्हणून त्याला आणखीच लाज वाटली. पत्र फाडलं. दुसऱ्या दिवशी विजेची सुट्टी होती. शेजारच्या शेडमधले माग बंद, सगळं शांत. मशीनमध्ये बॅटऱ्या घालून तो सकाळपासून कान लावून बसला, गाण्याच्या आत तरी कुठे एखादा शब्द राहिलाय का म्हणून. दुपारपर्यंत त्याला गिटार आणि ढोल याखेरीज काही सापडेना.

"काय शोधी राह्यना रे चंदू?" आईनं तिच्या अहिराणीत विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. रॉयची बायको, तिचं बोलणं, आपण ते कसं गाळलं.

सरलाबाईंनी कात्री खाली ठेवली. "बाई शे ना त्याम्हा. गानं म्हनस. पाचवं गानं लाव."

"कोणती बाई?"

"लाव ते खरं."

पाचव्या गाण्यात मध्यावर बँड जरा दम घेतो. गिटार तिथंही गुरगुरतच असते. "आते," आई म्हणाली, आणि बोट वर केलं. चंद्रकांतला काही कळलं नाही. तिनं चारदा मागं घ्यायला लावलं. पाचव्यांदा त्याला ऐकू आलं. गिटारच्या खाली, अगदी जवळ, एक बाई गायकाच्या बरोबरीनं गात होती. बेसूर, आणि अर्धी ओळ पुढेच. रॉयच्या कोटाच्या इतक्या जवळ मॉरीनखेरीज कोण असणार?

"तुले आयकू येत नही का?" सरलाबाईंना खरंच नवल वाटत होतं. "मी ते रोज आयकस तिले."

मागाच्या शेडमध्ये वीस वर्षं काढलेलं माणूस गोंगाटावरून ओरडत नाही, गोंगाटाच्या खालून बोलतं आणि खालचंच ऐकतं. ऐंशी मागांच्या तडतडाटात चौथ्या ओळीतली बाई काय पुटपुटली ते सरलाबाईंना कळायचं. तीन वर्षं मुलगा गिटार ऐकत होता आणि आई त्या बाईला.

त्या कॅसेटची नक्कल काढली तर तो आवाज आणखी बुडेल, हे चंद्रकांतला ठाऊक होतं. त्यानं आपली एकुलती एक कॅसेटच डब्यात घातली. सोबत सगळं खरं लिहिलं. टाळ्या कातरल्या, तुझ्या कॅसेट पुसल्या, माफी मागायलाही तोंड नाही. पण पाचव्या गाण्यात मॉरीन गाते आहे, माझ्या आईनं शोधून काढलं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. चंद्रकांतनं ते दारातच उभं राहून वाचलं. रॉयनं लिहिलं होतं, 'तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू. महिनाभर लिहायला बसलो नाही. गाणारी बाई मॉरीन नाही. कोण आहे मला माहीत नाही, आमच्या पुढच्या रांगेत होती. मॉरीननं आयुष्यात कधी गाणं म्हटलं नाही. पण ती बाई चुकते तेव्हा मागं कुणीतरी हसतं. ती मॉरीन. दोनदा हसते. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.'

चंद्रकांत घरात आला. कॅसेट तर आता सातासमुद्रापार होती, आता लावून ऐकण्याची सोय नव्हती. आई साडीचा काठ उलटा करून धागे पाहत होती.

"आई, ती बाई गाताना चुकते, तेव्हा मागं कुणी हसतं का?"

"हासस ना," सरलाबाई मान वर न करता म्हणाल्या. "दोन डाव. दुसरा डाव तोंडवर हात ठेवीसन हासस."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू इचारंच नही."

चंद्रकांत आईच्या शेजारी जमिनीवर बसला. ते हसू त्यानं कधीच ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकायला मिळणारही नव्हतं. त्यानं आईला विचारलं, ती कशी हसते ते करून दाखवशील का. सरलाबाई आधी लाजल्या. मग त्यांनी साडी बाजूला सारली, तोंडावर हात ठेवला, आणि लेस्टरच्या मॉरीनसारखं हसून दाखवलं.