काचेच्या अलीकडे

शाळेने आधीच बजावलं होतं, नमुन्याची कोडी घरी खुशाल द्या, पण मुलीला काही शिकवायचं नाही. मुलीत मुळातच जे आहे तेवढंच त्यांना बघायचं होतं. निवडक मुलांच्या वर्गात जागा मोजक्या आणि चाचणी एकदाच. मीही सूचना पाळली, निदान मला तसं वाटत होतं. कोड्याचा कागद लेकीपुढे ठेवायचा: वर आकृत्यांची रांग, शेवटची चौकट रिकामी, खाली पर्याय. आपण समोर नुसतं बसायचं, एक अक्षर बोलायचं नाही. तिचं बोट पर्यायांवरून फिरायचं आणि बरोबर आकृतीवर येऊन थांबायचं. दर वेळी.

घरात तिच्या हुशारीचं श्रेय केव्हाच वाटून झालं होतं. सासूबाईंच्या मते पोरगी थेट आजोबांवर गेली होती. नवरा म्हणायचा, "डोकं आमच्याकडचं, हट्ट तेवढा तुझ्या माहेरचा." मी हसण्यावारी न्यायचे. मला एवढंच हवं होतं की जे काही आहे ते तिचं स्वतःचं असावं.

चाचणी घेणाऱ्या बाईंनी मला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. मधे काच होती. माझ्या बाजूने सगळं दिसत होतं, लेकीच्या बाजूने तो नुसता आरसा. आवाजही तिकडून इकडेच येणार, इकडचा तिकडे नाही. आया खुणा करतात ना, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या.

पहिले कागद सरसर सुटले. मी मनातल्या मनात उत्तर शोधायचे आणि ते सापडताच तिकडे तिचं बोट टेकायचं. आधी मला गंमत वाटली, मायलेकींचा वेग एकच! मग लक्षात आलं, बोट टेकवण्याआधी ती कागदाकडे बघतच नव्हती. आरशाकडे बघत होती. आरशात स्वतःला बघणारी मुलं केस सावरतात, तोंडं करतात. ही नेमकी माझ्या डोळ्यांत बघत होती.

पुढच्या कागदाचं उत्तर उघड होतं, टोकाचा त्रिकोण. तिचं बोट तिकडे निघालंही होतं. मी मुद्दाम मधल्या वर्तुळावर नजर रोवली आणि मनात घोकलं, हेच, हेच. बोट थबकलं. मागे फिरलं. वर्तुळावर टेकलं.

मी खुर्ची काचेपासून मागे सरकवली.

त्यापुढचा कागद अवघड होता. मलाच सुटेना. लेक हात मांडीवर ठेवून शांत बसली, दुकानात आपला नंबर यायची वाट बघतात तशी. बाईंनी विचारलं, अडलं का गं? तिने मान हलवली आणि आरशाला म्हणाली, "आई, लवकर कर ना."

बाई हसल्या. एकटी मुलं आरशाशी बोलतातच, असं त्यांना वाटलं असावं.

मी उठले. इथे बसून राहिले असते तर जागा पक्की होती. पुढचे काही कागद मला नक्की सुटले असते. पण मग त्या वर्गात रोज कोण जाणार होतं? मी जिना उतरले, फाटकाबाहेर पडले, रस्त्याच्या टोकाला गेले आणि एका बंद दुकानासमोर उभी राहून पाटीवरची अक्षरं उलटी वाचत राहिले. डोक्यात दुसरं काही येऊ द्यायचं नव्हतं.

परतले तेव्हा चाचणी संपली होती. बाई जरा हिरमुसल्या होत्या. सुरुवात फार छान होती म्हणे, मग एकदम मंदावली. काही चुकलं, काही बरोबर आलं, चारचौघांच्या मुलांसारखं. दमली असेल, सुरुवातीवरूनच शिफारस करू का, त्यांनी विचारलं.

"सुरुवातीचं धरू नका," मी म्हणाले. "ते तिचं नव्हतं."

धास्तावलेल्या आया त्यांनी पुष्कळ बघितल्या असाव्यात. त्यांनी नुसती मान डोलावली आणि जागा मिळणं कठीण आहे, असं हळूच सांगितलं.

बाहेर आल्यावर लेक माझं बोट सोडून पुढे उड्या मारत चालली. इतकी मोकळी मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. मी विचारलं, मी गेल्यावर घाबरलीस का?

"नाही. एकदम शांत झालं," ती म्हणाली. "मग मी माझं माझं केलं. मला ती पतंगासारखी आकृती आवडली म्हणून ती घेतली."

ते चूक होतं की बरोबर, मी विचारलं नाही. जागा गेली तर गेली, घरी काय सांगायचं ते बघू, सासूबाई दोन दिवस बोलतील, नवरा... मी ओठ घट्ट मिटून चालत होते.

पुढे चाललेल्या लेकीने मागे न बघता दोन्ही हातांनी कान झाकले.

"आई," ती म्हणाली, "हळू ना."