चकती डावीकडे जाते

“हिच्या अंगातच खोड आहे. सरळ जा म्हटलं की चालली डावीकडे!”

मित्रांनो, हे बोलणं माझ्याबद्दल होतं, आणि तेही मला छातीशी धरून. मी एक जुनी केशरी चकती आहे. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालतात. आमच्या खेळात चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकतात. कुरकुरणारा तो माझा मालक. शाळेची बस चालवतो.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात दाबलं आणि माझा जन्म झाला. दुकानात मालकाने मला बोटांवर तोलून पाहिलं, माझी कड चाचपली आणि म्हणाला, “ही आपल्या हाताची आहे.” तेव्हापासून मी त्याच्या हाताची झाले.

आम्ही पिशवीत तिघी. एक पातळ कडेची, लांब पल्ल्याची. तिचा नखरा मोठा! जोरात भिरकावली तर पक्ष्यासारखी जाते. हात जरा ढिला पडला की लगेच डावीकडे वळून जमिनीवर आपटते. दुसरी जाड कडेची, गरीब स्वभावाची. हळू टाकली तरी सरळ जाते, पण लांब जाणं तिच्या नशिबी नाही. मी मधली. नवी होते तेव्हा सरळ उडायचे. पुढे झाडांवर, दगडांवर आपटून माझी कड झिजली आणि मी उजवीकडे झुकू लागले. जुन्या चकत्यांचं तसंच होतं. मालकाला ते पक्कं ठाऊक होतं. झाडीतल्या उजव्या वळणावर तो मलाच बाहेर काढायचा. एकदा त्या वळणामागची टोपली त्याने एका फेकीत गाठली. साखळ्या खणखणल्या, आणि या बाबाने भर मैदानात माझा मुका घेतला! बायको म्हणाली, “एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही हो.”

मग केव्हातरी मी डावीकडे पडू लागले. झिजलेली चकती, आणि डावीकडे! माझा स्वभाव तर उजवीकडचा. वेगच मिळाला नाही तर डावीकडे पडण्यावाचून मी तरी काय करणार? त्याची बोटं माझ्या कडेवरून सैल होत चाललेली मला कळत होती. पण सांगू कशी? मला तोंड नाही.

ज्यांना तोंड होतं तेही गप्पच होते. दाराजवळच्या खुंटीवरच्या पिशवीतून मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. बायको त्याचा कप अर्धाच भरायची. लेक बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची. बस दुरुस्त करणारा मेस्त्री त्याचा जुना दोस्त. त्याने गिअरच्या दांड्यावर रबर गुंडाळून तो जाड करून दिला. सगळे त्याला जपत होते, आणि त्याच्यापासूनच लपवत होते.

मालकाने नवी चकती आणली. ती तर माझ्याहूनही आधी डावीकडे कोसळली. “हल्ली मालच खराब येतो,” मेस्त्रीने मान हलवली. मी गेले चपलांच्या खोक्यात.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली म्हणून कोपऱ्यात टाकण्याआधी, ती धरणाऱ्या हाताकडेही एकदा मायेने बघा. काळजीची गरज कदाचित त्यालाच असते.

एका रविवारी मला पुन्हा बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल होती, डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, आणि बस नेणार होता माझा मालक. “आज सगळ्यांची परीक्षा घेतो,” म्हणत त्याने आम्हाला गवतावर ओळीने मांडलं आणि एकेक फेकलं. पातळ कडेची डावीकडे. नवी डावीकडे. मीही डावीकडे. फक्त जाड कडेची सरळ गेली आणि जवळच बसली.

“वारा आहे,” मेस्त्री म्हणाला.

“पान तरी हलतंय का, काका?” लेक म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

“तू फेक बघू,” मालकाने मला तिच्या हातात दिलं.

मला वाटलं, हिच्या हातून निसटावं, मातीत पडावं. पण चकतीला कुठे स्वतःचं चालतं? तिने फेकलं तशी मी गेले. उजवीकडे झुकत, लांबवर तरंगत, अगदी पूर्वीसारखी.

“परत फेक.”

पुन्हा तसंच.

मालक आपल्या उजव्या पंजाकडे बघत होता. मूठ वळायला गेला, पण बोटं पुरती मिटली नाहीत. मेस्त्री बुटाची नाडी बांधायला वाकला; त्याच्या बुटाला नाडी नव्हतीच.

बायको बाकावरून उठली. सावकाश चालत आली आणि तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“अहो, चकत्यांना काही झालेलं नाही. तुमच्या हातातला जोर गेलाय. उद्या पोरांची बस तुम्ही न्यायची नाही.”